बर्फाचं बूच

१

इनिस मडी तळघरात मेलेला सापडला, तेव्हा वरच्या अकराही मजल्यांवरचे रेडिएटर चांगले तापलेले होते.

डंडी शहरात त्या जानेवारीत अशी थंडी पडली होती की नदीवरून येणारा वारा कानाला चावत होता. इन्स्पेक्टर एल्स्पेथ रॅट्रे स्ट्रॅथॉर्न हाऊसच्या दारातून आत शिरली आणि पहिली गोष्ट तिने केली ती म्हणजे गळ्यातला मफलर सोडला. इमारत म्हाताऱ्यांची. प्रत्येकाचं आपलं छोटं घर, खाली सगळ्यांची मिळून एक बैठक, आणि तळघरात सगळ्यांना पुरणारा एकच बॉयलर. बैठकीत सात-आठ म्हाताऱ्या चहाचे कप धरून बसल्या होत्या. एल्स्पेथ आत येताच त्या गप्प झाल्या.

तळघराच्या पायऱ्यांवर रोरी लामॉण्ट डोकं धरून बसला होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा गडी. पाइपांच्या कामातला इनिसचा जोडीदार. प्रेत त्यालाच सापडलं होतं.

"मी त्याला घरी न्यायला आलो होतो," तो म्हणाला. "हाक मारली. ओ दिली नाही. वाटलं, नेहमीसारखा रुसलाय."

एल्स्पेथ खाली गेली. बॉयलरच्या खोलीत मधोमध कमरेएवढा खोल सिमेंटचा खड्डा होता. मोठे पाइप त्यातून वर येऊन भिंतीकडे वळत होते. इनिस त्या खड्ड्यात गुडघ्यांवर होता, पुढे झुकलेला, कपाळ पाइपला टेकलेलं. अंगावर जखम नाही, झटापटीची खूण नाही. खड्ड्याच्या काठावर गॅसच्या दोन बाटल्या उभ्या होत्या आणि त्यांच्या नळ्या पाइपला गुंडाळलेल्या दोन जाड कापडी पट्ट्यांत शिरल्या होत्या. दोन पट्ट्यांच्या मधोमध, खड्ड्याच्या काठाच्या जरा वर, नवाकोरा पितळी व्हॉल्व्ह चमकत होता. भिंतीलगतचा पंप घुमत होता.

"गॅसनं गुदमरला," ॲम्ब्युलन्सबरोबर आलेला माणूस म्हणाला. "कार्बन डायऑक्साइड. हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात साचतो. बिचाऱ्यानं काम तेवढं पुरं केलं आणि गेला."

एल्स्पेथने मान डोलावली. अपघात. तिच्याही मनात तेच आलं होतं. जाता जाता ती खड्ड्याच्या काठाशी वाकली आणि तिथेच थांबली.

इनिसच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंतचे जाड, फुगीर मोजे होते. बर्फगार गॅस हाताळायचे. असे मोजे घालून माणसाला साधी पेन्सिल उचलता येणार नाही. मग पाना धरून व्हॉल्व्ह कसा आवळला? आणि व्हॉल्व्ह आवळून झाला, पंप सुरू करून झाला, तर गॅसचं काम संपलंच की. मग हा माणूस मोजे चढवून पुन्हा खड्ड्यात कशाला उतरला?

२

"मला हे काम अगदी सुरुवातीपासून सांग," एल्स्पेथ म्हणाली. "मी काही जाणत नाही असं समज."

"सोपं आहे हो, बाई." रोरीने डोळे पुसले. "व्हॉल्व्ह गळत होता. बदलायचा म्हणजे एरवी सगळ्या इमारतीचं पाणी सोडायचं. अकरा मजल्यांचं. मग पुन्हा भरायचं, हवा काढत बसायचं. या थंडीत म्हातारी माणसं तोवर गारठून मरतील. म्हणून आम्ही पाणी सोडतच नाही. पंप बंद करतो, व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना पाइपला पट्टी गुंडाळतो आणि तिच्यात गॅस सोडतो. गॅसचं आत भुसभुशीत बर्फ होतं, आणि त्यानं पाइपातलं पाणी गोठतं. बर्फाचं बूच बसतं म्हणा ना. मधला व्हॉल्व्ह काढला तरी थेंब येत नाही."

"किती वेळ?"

"पाजत राहाल तितका वेळ. तान्ह्या पोरासारखं असतं ते. अधूनमधून गॅस पाजावा लागतो, नाहीतर सुटतं. आणि सुटलं तर…" त्याने हात वर केला. "वरचं सगळं पाणी खाली. बाजूच्या खोलीत विजेचे खटके आहेत. दिवे, लिफ्ट, सगळं गेलं असतं."

"तू निघालास तेव्हा काम कुठवर आलं होतं?"

"बूच बसलं होतं. इनिस जुना व्हॉल्व्ह काढायच्या तयारीत होता. साहेबांचा फोन आला, दुसरीकडे पाइप फुटलाय, धावत जा. मी म्हटलं, या कामाला दोन माणसं लागतात. साहेब म्हणाले, इनिसला दोन माणसांची अक्कल आहे."

"तुमचं सकाळी भांडण झालं होतं म्हणे."

रोरीची मान खाली गेली. "पंख्यावरून. हवा खेचायचा पंखा गाडीत नव्हता, गॅसची सूचना देणारी डबीही नव्हती. इनिस म्हणाला, त्याशिवाय सुरू करणार नाही. मी म्हटलं, दार उघडं ठेवू, होईल. मीच म्हटलं, बाई."

एल्स्पेथने बाटल्यांकडे बोट केलं. "या दोन्ही रिकाम्या आहेत."

"दोन्ही?" रोरी उठला. त्याने एक हलवून पाहिली, मग दुसरी. "छे! ही तर भरलेली होती. मी स्वतः उतरवली. जादाची म्हणून. एका बाटलीत दोन असली कामं होतात."

"तू परत आलास तेव्हा वरचं दार?"

"उघडंच होतं. सताड. आम्ही ठेवलं होतं तसं."

३

"उघडं कसं असेल?" दुसऱ्या दिवशी सकाळी शीना निकोल म्हणाली. "मी स्वतःच्या हातानं लावलं."

शीना त्या इमारतीची व्यवस्थापक. पन्नाशीची, ठसठशीत बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बोलताना तिची बोटं सारखी त्या किल्ल्यांशी चाळा करत होती.

"बैठकीत बिंगो चालू होता. खालून फुस्स फुस्स आवाज आणि असा गारठा येत होता की विचारू नका. मिसेस ऑक्टरलोनी म्हणाल्या, शीना, आमचे पाय गळून पडले तर वेचायला तूच ये. मी गेले, दार ओढून घेतलं. नुसतं ओढून घेतलं हो. खाली माणूस आहे, त्याला त्रास होईल, असं मनातसुद्धा आलं नाही." तिची बोटं किल्ल्यांवर थांबली. "मी मारलं का त्याला?"

खरं उत्तर एल्स्पेथला द्यावंसं वाटत नव्हतं आणि खोटं देता येत नव्हतं.

"दार लावल्यावर खाली कोण गेलं?"

"मला नाही माहीत. मी बिंगोचे आकडे पुकारत होते. थोड्या वेळानं रेडिएटर तापायला लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बघा! आम्ही टाळ्या वाजवल्या." तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. "गेल्या हिवाळ्यात दुसऱ्याच लोकांकडून काम करून घेतलं होतं. त्यांनी सगळं पाणी सोडलं. उद्या येतो म्हणाले ते आठवडाभर आलेच नाहीत. एक बाई गेली आमची त्यात. एफी स्टर्रॉक, नवव्या मजल्यावरची. न्यूमोनिया. म्हणून या वेळी मी हट्टच धरला, पाणी न सोडता करणारे लोक आणा."

"काल दुपारी कोणी परकं माणूस आलं होतं?"

"पेट्री साहेबांची गाडी खिडकीतून दिसली होती. रेडिएटर तापल्यावर लगेच."

फर्गस पेट्री. ज्याच्यासाठी इनिस आणि रोरी काम करायचे, तो. आणि पेट्रीने पोलिसांना फोनवर सांगितलं होतं की तो दिवसभर ऑफिसातून हललाच नाही.

शीना दाराशी गेली आणि वळली. "तुम्ही सगळ्यांशी बोलणार असाल तर नवव्या मजल्यावर आज नका जाऊ. वॉटी स्टर्रॉक कालपासून अंथरुणात आहे. डोकं फुटतंय म्हणतो, उलट्या झाल्या. फ्लू असणार. सूपसुद्धा घेत नाही."

४

फर्गस पेट्रीच्या टेबलावर दोन फोन होते आणि दोन्ही वाजत होते. त्याने दोन्ही पालथे करून ठेवले. तो स्वतः वीस वर्षं पाइपांतच वाढलेला माणूस होता. हात अजून तसेच होते, फक्त नखं स्वच्छ झाली होती.

"तुम्ही खोटं बोललात," एल्स्पेथ म्हणाली. "तुमची गाडी तिथे होती."

"मी तळघरात गेलो नाही. आईशप्पथ."

"मग कशाला गेला होता?"

पेट्री खिडकीबाहेर पाहत राहिला. मग उठला आणि तिला मागच्या अंगणात घेऊन गेला. त्याच्या गाडीचं दार उघडलं. आत एक पिवळा पंखा होता, त्याची लांब नळी नीट गुंडाळलेली. शेजारी तळहाताएवढी डबी.

"इनिसनं सकाळी फोन केला होता. म्हणाला, पंखा धाडा, नाहीतर मी निघतो. मी म्हटलं, धाडतो. मग दुसऱ्या कामात अडकलो. दुपारी स्वतः घेऊन निघालो. इमारतीत शिरलो, दाराजवळच्या रेडिएटरला हात लावला. गरम! म्हटलं, पठ्ठ्यानं उरकलंसुद्धा. आता पंखा खाली नेऊन काय करू? तसाच मागे फिरलो."

"तेव्हा तळघराचं दार कसं होतं?"

"उघडं. लांबून दिसत होतं." त्याने ओठ चावला. "दहा पावलं, इन्स्पेक्टर. मी दहा पावलं पुढे गेलो असतो तर निदान तो मला दिसला असता."

"किंवा तुम्ही गेला होता, त्याला पडलेला पाहिलं, आणि आपलं काम बुडू नये म्हणून व्हॉल्व्ह स्वतः बसवला. तुमच्या हातांना ते येतं."

पेट्रीचा चेहरा उतरला. "व्हॉल्व्ह इनिसनं बसवला ना?"

"इनिसच्या हातात जाड मोजे होते. तो बर्फाला गॅस पाजत असताना पडला. त्या वेळी पाइप उघडा होता. नंतर कुणीतरी व्हॉल्व्ह बसवला, पंप सुरू केला आणि निघून गेलं. इनिसच्या शेजारी उभं राहून."

पेट्रीने गाडीचं दार लावलं. मग म्हणाला, "मला तो सांधा दाखवा. हात कुणाचा ते सांधा सांगतो."

५

तिने दोघांनाही नेलं, पेट्रीला आणि रोरीला. पण एकत्र नाही. आधी प्रत्येकाला वेगळं विचारलं, असा सांधा तू कसा बांधशील? दोघांनी एकच उत्तर दिलं. आट्यांवर पांढरी टेप, वरून पाना. इनिसही तसंच करायचा. टेपचं रीळ त्याच्या शर्टाच्या खिशात होतं, प्रेत हलवलं तेव्हा सापडलं होतं. न वापरलेलं.

रोरी सांध्याशी वाकला आणि शिट्टी वाजवता वाजवता थांबला.

"हे काय? हे तर सूत आहे. सूत आणि सफेदा."

खरंच, पितळेच्या कडेला बारीक, तपकिरी धागे केसांसारखे बाहेर आले होते. त्यांवर सफेद्याची दाट पेस्ट होती, आणि ती बोटाने अशी निगुतीने पुसली होती की एक ओघळ म्हणून नव्हता.

"सुंदर काम आहे," रोरी नाइलाजाने म्हणाला. "मला असं जमायचं नाही. आमच्या पिढीत हे करतंच कोण? आमच्या गाडीत सूत शोधून सापडणार नाही."

पेट्रीनेही तेच सांगितलं. "मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं एकदा दाखवलं होतं. जहाजं बांधायचे ना गोदीत, ती माणसं. त्यांच्याकडे सुताचा टिनचा डबाच असायचा. गोदी बंद पडली, माणसं गेली."

एल्स्पेथ खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. हा डबा कुणीतरी घेऊन आलं होतं. म्हणजे एकतर आधीच खिशात घालून आलं, नाहीतर इथे येऊन, सगळं पाहून, परत जाऊन घेऊन आलं. सहज खाली डोकावणारा माणूस खिशात सुताचा डबा घेऊन फिरत नाही. म्हणजे परत गेला. उघडा पाइप आणि पडलेला माणूस मागे ठेवून गेला, आणि परत आला. त्या वेळात बर्फ सुटला नाही.

सुटला का नाही?

तिची नजर रिकाम्या बाटलीवर गेली. मग नळीवरून सरकत खाली, खड्ड्यातल्या पट्टीपर्यंत. इनिसचं कपाळ जिथे टेकलं होतं, तिथपर्यंत.

ती वर गेली. शीना बैठकीतले कप गोळा करत होती.

"तुमच्याकडे राहणाऱ्यांत जुन्या गोदीत काम केलेलं कोण आहे?"

"एकच उरलाय," शीना म्हणाली. "वॉटी स्टर्रॉक."

६

वॉल्टर स्टर्रॉकने दार उघडलं तेव्हा त्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. ऐंशीच्या घरातला माणूस, पण पाठ ताठ. चेहरा मात्र राखेसारखा.

"ये, पोरी," तो म्हणाला. "कालच येशील असं वाटलं होतं."

घर नीटनेटकं. खुर्च्या दोन, एकीवर बायकी शाल घडी करून ठेवलेली. एल्स्पेथ दुसऱ्या खुर्चीवर बसली. तो उभाच राहिला.

"डोकं अजून दुखतंय?"

"दुखू दे."

"फ्लू नाही तो. गॅस आहे. तुम्ही काठावर उभे होतात आणि दार उघडलं होतंत, म्हणून वाचलात."

तो हसला नाही, नाकारलंही नाही. "मी नुसता बघायला गेलो होतो. शीना म्हणाली, पाणी न सोडता करणार आहेत. आमच्या वेळी गोदीत आम्ही बर्फ आणि मीठ बांधायचो पाइपाला, छोट्या पाइपाला. म्हटलं, बघू तरी. दार लावलेलं होतं. उघडून खाली गेलो. तो खड्ड्यात गुडघ्यांवर होता. व्हॉल्व्ह काढलेला. पाइपाच्या तोंडात पांढरं बूच दिसत होतं, आणि त्याच्या कडेनं पाणी झिरपायला लागलं होतं."

"हाक मारलीत?"

"मारली. हलला नाही. मला वाटलं, मेलाय."

"हात लावून पाहिलात?"

वॉटीने मान हलवली. नाही.

"का?"

त्याने खुर्चीवरच्या शालीची घडी नीट केली.

"टेप त्याच्या खिशात होती," एल्स्पेथ म्हणाली. "हाताच्या अंतरावर. तुम्हाला तीही घ्यायची नव्हती. त्याला हात लावावा लागला असता. तो गरम लागला असता, छाती हलताना लागली असती, तर मग तुम्हाला व्हॉल्व्ह सोडून त्याला बाहेर काढावं लागलं असतं. म्हणून तुम्ही लिफ्टनं नवव्या मजल्यावर आलात, सूत आणायला."

"अकरा मजले, पोरी." त्याचा आवाज चढला. "साठ-पासष्ट माणसं. निम्म्यांना उठवायला दोघं लागतात. ते बूच सुटलं असतं तर दिवे गेले असते, लिफ्ट गेली असती, ऊब गेली असती. बाहेर काय थंडी होती, ठाऊक आहे ना? गेल्या वर्षी ते हरामखोर पाणी सोडून गेले. एफीच्या अंगावर मी घरातलं सगळं घातलं. गालिचा उचलून घातला. रात्रभर तिचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसायचो. ती म्हणायची, वॉटी, तू इतका मोठा पाइपवाला ना, मग कर की काहीतरी. थट्टेनं म्हणायची. मला काही करता आलं नाही. या वेळी येत होतं."

एल्स्पेथने कपाटाकडे पाहिलं. वर सुताचा टिनचा डबा होता, झाकण नीट लावलेलं. डब्याला लागूनच टेलिफोन.

"डबा घेताना तुमचा हात फोनपासून वीतभर अंतरावर होता."

"होता."

"फोन केला नाहीत."

"ते आले असते, त्याला उचलायला. धावपळ झाली असती. मला खड्ड्यापासून दूर केलं असतं. बूच सुटलं असतं." त्याने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "आधी व्हॉल्व्ह, मग फोन, असं ठरवलं होतं. व्हॉल्व्ह झाला तेव्हा तो खरंच मेला होता. मग फोन कुणासाठी करायचा?"

"अजून एक राहिलं." हे बोलायला एल्स्पेथला जड गेलं, पण बोलल्याशिवाय उठता येत नव्हतं. "तुम्ही वर गेलात तेव्हा बर्फ टिकायला हवा होता. म्हणून जाण्याआधी तुम्ही भरलेल्या बाटलीची चावी पूर्ण उघडलीत. ती चालू ठेवून गेलात. ती बाटली शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी झाली. पट्टीत मावेना तेवढा गॅस कुठे गेला, मिस्टर स्टर्रॉक?"

वॉटी पहिल्यांदाच खाली बसला. शालीच्या खुर्चीवर नाही, पलंगाच्या कडेवर.

"मी तीस वर्षं जहाजांच्या पोटात काम केलंय," तो म्हणाला. "जड गॅस कुठे जातो हे मला नको सांगूस."

७

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी हातचं राखून सांगितलं. इनिस एकदम गेला नव्हता. आधी शुद्ध हरपली असावी. तेव्हाच बाहेर काढला असता तर जगण्याची शक्यता बरीच होती. नंतर आणखी गॅस आला आणि ती संपली.

सरकारी वकिलांनी वॉटीवर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला. पेट्रीवर वेगळा, कामगाराच्या जिवाशी खेळल्याचा. शीनावर काहीच नाही. तिने आपणहून नोकरी सोडली. वॉटीचं वय पाहून कोर्टाने त्याला तारखेपर्यंत घरीच राहू दिलं. आणि स्ट्रॅथॉर्न हाऊसच्या म्हाताऱ्यांनी पोलिसांशी बोलणं टाकलं. एल्स्पेथ बैठकीतून गेली की मिसेस ऑक्टरलोनी मोठ्याने म्हणायच्या, "आम्ही जिवंत आहोत हा त्याचा गुन्हा!" रोज कुणी ना कुणी नवव्या मजल्यावर सूप नेऊन ठेवायचं. इनिस मडीचं नाव त्यांच्या तोंडी एल्स्पेथने एकदाही ऐकलं नाही.

एका दुपारी फोन आला. मडीची बायको इमारतीत शिरली आहे, लवकर या.

एल्स्पेथ पोचली तेव्हा कर्स्टी मडी नवव्या मजल्यावर, वॉटीच्या दारासमोर उभी होती. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी बुटकी, मजबूत बाई. कामावरूनच आली होती, कोटाखालून पांढरा एप्रन दिसत होता. दार उघडं होतं. वॉटी उंबऱ्याच्या आत, ती बाहेर. दोघं किती वेळ असे उभे होते कोण जाणे.

"मिसेस मडी, चला," एल्स्पेथ म्हणाली. "इथे थांबणं बरं नाही."

"मी याला काही करणार नाही. एकच विचारायचंय." कर्स्टीने तिच्याकडे पाहिलंही नाही. "तो काही बोलला का?"

"मिस्टर स्टर्रॉक, तुम्ही उत्तर देऊ नका. वकिलांशिवाय काहीही बोललात तर ते मला कोर्टात सांगावं लागेल."

वॉटीने ते ऐकलं. एल्स्पेथला दिसलं की त्याला नीट कळलं आहे. त्याने दाराची चौकट धरली.

"बोलला," तो म्हणाला.

एल्स्पेथने डोळे मिटले. 'मला वाटलं, मेलाय,' असं त्याने आधी एल्स्पेथला सांगितलं होतं.

"मी वळलो तेव्हा. मी बाटली उघडली आणि पायऱ्यांकडे निघालो. त्यानं मान उचलली नाही. नुसता आवाज आला."

"काय म्हणाला?"

"'जाऊ नको' म्हणाला."

खालच्या कुठल्या तरी मजल्यावर रेडिओ लागला होता, तो कुणीतरी बंद केला. कर्स्टी जागची हलली नाही.

"आणि तुम्ही गेलात."

"गेलो."

"परत आलात तेव्हा?"

"तेव्हा काही नाही."

कर्स्टीने एप्रनच्या टोकाला हात पुसले, दोन्ही, सावकाश, जणू ते ओले होते.

"आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली," ती म्हणाली. "पाठ धरली तरी तो मला चोळ म्हणायचा नाही. मुलीनं घर सोडलं तेव्हा मी रडून रडून म्हटलं, तू तिला थांब म्हण, तुझं ऐकेल. नाही म्हणाला. मला कुणाला थांब म्हणता येत नाही, म्हणाला. आख्ख्या जन्मात त्यानं कुणापाशी काही मागितलं नाही." तिने पहिल्यांदा वॉटीच्या डोळ्यांत पाहिलं. "एकदा मागितलं. ते तुमच्यापाशी."

ती वळली आणि जिन्याकडे गेली. लिफ्ट तिथेच उभी होती, तिच्याकडे तिने पाहिलं नाही. तिच्या बुटांचा आवाज एकेक मजला खाली उतरत गेला.

वॉटी चौकट धरून उभा होता. "पोरी," तो म्हणाला, "हे लिहून घे. पहिल्यांदा मी खोटं सांगितलं होतं, तेही लिही."

"घेते," एल्स्पेथ म्हणाली, आणि आत जाऊन शाल ठेवलेल्या खुर्चीसमोर बसली.